सारागढीनंतर काय झालं? तीराहची मोहीम, सोप्या भाषेत

दर वर्षी १२ सप्टेंबरला मोबाइलवर सारागढीचे संदेश फिरतात. एकवीस शीख सैनिक, हजारोंचा वेढा, शेवटच्या माणसापर्यंत चाललेली झुंज. ते शौर्य खरंच आहे आणि ते मोठं ठरवायला कोणतंही मीठमसाला लागत नाही. पण संदेश तिथेच संपतो. त्या दिवसानंतर सव्वा महिन्याने ३४,५०० च्या आसपास सैनिक आणि जवळजवळ २०,००० बिनलढाऊ माणसं घेऊन ब्रिटिशांची हिंदी फौज त्याच डोंगरांत शिरली, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. त्या डोंगरांचं नाव तीराह.

तीराह, खैबर, ड्युरँड रेषा ही नावं आता पुन्हा बातम्यांत येऊ लागली आहेत. पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात चकमक झाली की ती कानावर पडतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की तिथले लोक मुळातच भांडकुदळ, त्यांचं हे असंच चालायचं. मला हे मत पटत नाही. १८९७-९८ च्या त्या एका मोहिमेकडे नीट पाहिलं तर तिथलं बरंच काही उलगडतं. म्हणून हा लेख.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू

पेशावर शहर सपाटीवर आहे. त्याच्या पश्चिमेला खैबर खिंड, आणि खिंडीपलीकडे काबूलचा रस्ता. पेशावरच्या दक्षिणेला कोहाट. या दोन शहरांच्या पश्चिमेला डोंगरांची जी गुंतागुंत पसरली आहे तिच्या पोटात तीराह आहे. तीराहच्या दक्षिण कडेला समाना नावाची लांबलचक डोंगरसोंड. सारागढीची चौकी याच सोंडेवर होती.

तीराहच्या मधोमध एक सुपीक खोरं आहे. त्याचं नावच ‘मैदान’. नावावरून फसू नका. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई साधारण ५,४०० फूट उंच आहे. हे ‘मैदान’ त्याहूनही उंचावर आहे. पायऱ्यापायऱ्यांची शेती, अक्रोडाची झाडं, बुरूज असलेली दगडामातीची घरं. आफ्रिदी लोक उन्हाळ्यात इथे राहत आणि थंडी पडली की गुरंढोरं घेऊन खाली खैबर आणि बाडा नदीच्या बाजूला उतरत. वरचं शेत आणि खालचं कुरण अशा दोन पायांवर त्यांचा संसार उभा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आफ्रिदी म्हणजे कोण, आणि त्यांचा राजा कोण?

क्रिकेटमुळे हे आडनाव आपल्याला ओळखीचं आहे. आफ्रिदी ही पश्तून लोकांतली, म्हणजे आपण ज्यांना पठाण म्हणतो त्यांच्यातली, एक मोठी जमात. तिच्या आठ शाखा. शाखेला ‘खेल’ म्हणतात: झक्का खेल, मलिकदिन खेल, कुकी खेल, आदम खेल वगैरे. त्यांना लागून दक्षिणेकडे ओरकझाई ही दुसरी जमात.

खेल म्हणजे काय, हे मराठी माणसाला एका शब्दात सांगता येतं: भावकी. एका मूळ पुरुषाचे वंशज, बांधावरून आपसात भांडणारे, पण बाहेरचा अंगावर आला की एक होणारे. फरक एवढाच की आपल्या भावकीच्या डोक्यावर पाटील, देशमुख आणि सर्वांत वर राजा असे. आफ्रिद्यांच्या डोक्यावर कुणीच नव्हतं. मोठा निर्णय घ्यायचा तर जिरगा बसे. जिरगा म्हणजे जाणत्या पुरुषांची बैठक. तिथे एकमत होईपर्यंत बोलणं चाले. ‘मलिक’ नावाचे मुखिया असत, पण त्यांचा हुकूम कुणी मानलाच पाहिजे असं नव्हतं.

इंग्रज अधिकाऱ्यांची खरी अडचण इथे होती. राजाशी तह करता येतो. त्याने सही केली की प्रजा बांधली जाते. इथे पाच मलिकांनी मान डोलावली तरी सहावा म्हणणार, ‘मी कुठे कबूल केलं होतं?’ आणि त्याच्या परीने तो खोटं बोलत नसे.

मग भांडण कशावरून पेटलं?

१८९३ साली काबूलचा अमीर अब्दुर रहमान आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा परराष्ट्र सचिव मॉर्टिमर ड्युरँड यांच्यात एक करार झाला. कुणाचा वचक कुठपर्यंत, हे ठरवणारी रेषा नकाशावर आली. तीच ड्युरँड रेषा. ज्यांच्या घरांवरून आणि कुरणांवरून ती गेली त्यांना कुणी विचारलं नव्हतं. रेषेच्या अलीकडचे डोंगर इंग्रजांनी प्रत्यक्ष ताब्यात घेतले असंही नाही. तिथे ना कर होता, ना कचेरी. पण रस्ते येऊ लागले, चौक्या उभ्या राहू लागल्या. समाना डोंगरावर १८९१ नंतर किल्ले बांधले गेले. १८९५ मध्ये चित्रळच्या मोहिमेनंतर मलाकंदवरून रस्ता गेला. कोहाटच्या मिठावरचा कर वाढवण्यात आला, आणि मिठाचा कर गरिबाला कसा लागतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तुमच्या अंगणाच्या कुंपणाबाहेर कुणी रोज एक खांब रोवतंय असं समजा. आज एक, उद्या दुसरा. तो अजून अंगणात आलेला नाही. पण त्याची दिशा तुम्हाला कळते.

१८९७ च्या उन्हाळ्यात सगळं एकदम पेटलं. १० जूनला टोची खोऱ्यातल्या मैझर गावी ब्रिटिश पोलिटिकल अधिकाऱ्याच्या, म्हणजे जमातींशी व्यवहार बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, तुकडीवर हल्ला झाला. २६ जुलैला मलाकंदची छावणी वेढली गेली. ७ ऑगस्टला मोहमंद या आणखी एका पश्तून जमातीने पेशावरजवळच्या शबकदरवर धाड घातली. ऑगस्टच्या शेवटी खुद्द खैबर गेली. यामागे मुल्लांचा प्रचार होता, मुस्लिम तुर्कस्तानने ग्रीसला हरवल्याच्या बातम्या होत्या, अफवाही होत्या. इंग्रज तेव्हा ‘धर्मवेड’ एवढं एकच कारण पुढे करत. पण आफ्रिद्यांच्या मागण्या पाहिल्या तर त्यात जमीन आणि चौक्या होत्या: स्वातमधून (मलाकंदपलीकडच्या खोऱ्यातून) आणि समानावरून निघून जा.

खैबरमध्ये आफ्रिदीच आफ्रिद्यांशी लढले

हा भाग मला सगळ्यात चटका लावणारा वाटतो. १८८१ पासून इंग्रज आफ्रिद्यांना दरसाल ठरावीक रक्कम देत आणि त्या बदल्यात आफ्रिदी खैबरचा रस्ता सुरक्षित ठेवत. खिंडीतल्या ठाण्यांवर नेमलेल्या ‘खैबर रायफल्स’ या पथकात बहुतेक शिपाई आफ्रिदीच होते. रॉबर्ट वॉरबर्टन नावाचा अधिकारी तिथे अठरा वर्षं ही व्यवस्था सांभाळत होता. त्याची आई अफगाण घराण्यातली, त्यामुळे भाषा आणि रीत त्याला घरचीच होती. १८९७ च्या मध्याला तो निवृत्त झाला.

ऑगस्टमध्ये हल्ला आला तेव्हा पथकाच्या इंग्रज कमांडरला माघारी बोलावण्यात आलं. लंडीकोतलच्या ठाण्यातले शिपाई आपल्याच भाऊबंदांविरुद्ध साधारण एक दिवसभर लढले. पेशावरला पलटणी होत्या, पण त्यांतली एकही मदतीला गेली नाही. ठाणं पडलं. इमान राखणाऱ्यांना वाऱ्यावर सोडण्याची ही गोष्ट त्या डोंगरांत विसरली गेली असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर आफ्रिदी आणि ओरकझाई समानाकडे वळले आणि १२ सप्टेंबरला सारागढी झाली. सारागढी हा मोठा किल्ला नव्हता. लॉकहार्ट आणि गुलिस्तान हे दोन किल्ले एकमेकांना दिसत नसल्याने मध्ये आरशांच्या उजेडाने संदेश पोचवणारी ती चौकी होती. ३६ व्या शीख पलटणीतले हवालदार ईशर सिंग आणि त्यांचे वीस साथीदार तिथे कामी आले. शेवटपर्यंत संदेश पाठवणारे गुरमुख सिंग होते.

आणि मग ती प्रचंड फौज निघाली

जनरल विल्यम लॉकहार्ट यांना रजेवरून परत बोलावून मोहीम त्यांच्या हाती दिली गेली. दोन डिव्हिजन तयार झाल्या. इंग्रज, स्कॉटिश, शीख, गुरखे, पंजाबी अशा सगळ्या पलटणी. त्यांच्यासोबत खेचरवाले, उंटवाले, डोली वाहणारे कहार, पखालजी, स्वैपाकी. इंग्रजांच्या अंदाजाने दोन्ही जमाती मिळून ४० ते ५० हजार हत्यारबंद पुरुष उभे करू शकत होत्या. अर्थात ते सगळे एका वेळी एका जागी कधीच जमले नाहीत.

पण एवढी फौज घेऊन करायचं काय होतं? तीराह जिंकून तिथे राज्य करायचं नव्हतं. उत्पन्न काय येणार आणि ते राखायला खर्च किती, हा हिशोब इंग्रजांना चांगला कळत होता. हेतू शिक्षेचा होता. आत शिरायचं, पिकं आणि घरं उद्ध्वस्त करायची, दंड आणि बंदुका वसूल करायच्या, आणि बर्फ पडण्याआधी बाहेर यायचं. अशा मोहिमांना तेव्हा ‘दंडात्मक मोहीम’ म्हणत. मी या लेखात ‘शिक्षेची मोहीम’ म्हणतो, कारण अर्थ तोच आहे.

पहिली मोठी लढाई दर्गाईच्या कड्यावर झाली. तीही दोनदा! १८ ऑक्टोबरला फौजेने कडा घेतला, पण वर पाणी आणि रसद नव्हती म्हणून सोडून दिला. दोन दिवसांत आफ्रिदी आणि ओरकझाई तिथे पक्के बसले. २० ऑक्टोबरला तोच कडा पुन्हा घेताना गुरखे आणि दोन इंग्रज पलटणी उघड्या पट्टीवर अडल्या. शेवटी गॉर्डन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीने तो घेतला. त्या एका दिवसात फौजेचे दोनशेच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. पायाला गोळी लागूनही वाजवत राहिलेला त्यांचा बॅगपाइपवाला जॉर्ज फिंडलेटर इंग्लंडभर गाजला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कड्यावर पलीकडच्या बाजूने कोण कोण पडलं, त्यांची नावं आपल्याकडे नाहीत.

मैदान गाठलं, पण तिथे कुणीच नव्हतं

२९ ऑक्टोबरला संपाघा खिंड, ३१ ला अरहंगा खिंड, आणि फौज मैदानात उतरली. परकी फौज या खोऱ्यात शिरण्याची ही पहिलीच वेळ, असं इंग्रजांनी अभिमानाने लिहिलं. घरं उभी होती. कणग्या भरलेल्या होत्या. माणसं नव्हती. बायकापोरं आधीच वर डोंगरांत आणि गुहांत गेली होती. पुरुष आजूबाजूच्या धारेवर बंदुका घेऊन बसले होते.

नेहमीच्या युद्धात राजधानी पडली की युद्ध संपतं. इथे राजधानीच नव्हती. दाराला कुलूप लावून माणूस बाहेर गेलेला असताना त्याच्या ओसरीत जाऊन बसावं, तसं झालं. ओसरी तुमच्या ताब्यात, पण तुम्ही बोलणार कुणाशी?

मग शिक्षा सुरू झाली. घरातलं धान्य आणि चारा फौजेच्या जनावरांना गेला, जमिनीत पुरलेले साठे उकरले गेले, घरं जाळली गेली, बुरूज सुरुंगाने पाडले. रात्री खोऱ्यात जागोजागी आगी दिसत. हे लपवून केलं नव्हतं. फौजेसोबत गेलेल्या लोकांनी ते सविस्तर लिहून ठेवलं आहे, आणि त्यातल्या काहींना ते करताना वाईट वाटलं हेही लिहिलं आहे. नोव्हेंबर महिना, सहा हजार फुटांवरची थंडी, आणि पुढच्या हंगामापर्यंतचं धान्य गेलेलं. ज्याने चौकीवर गोळी झाडली त्याच्या घराची राख झाली की जो बैठकीत ‘लढू नका’ म्हणाला त्याच्या घराची, याची चौकशी कुणी केली नाही. चौकशीची सोयच नव्हती.

खरी लढाई परतताना का होते?

तीराहमधली ही सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट, म्हणून इथे थोडं थांबू. गडावर जाणाऱ्या कुणालाही विचारा: चढण दम काढते, पण घात उतरताना होतो. तीराहमध्ये अगदी तेच झालं.

डोंगरी खोऱ्यातून फौज चालवायची तर खालच्या वाटेने मुख्य रांग जाते. रांगेवर वरून गोळ्या येऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंच्या माथ्यांवर आधी छोट्या तुकड्या चढवतात. त्यांना ‘पिकेट’ म्हणत. आपण त्यांना पहारा म्हणू. शेवटचं खेचर आणि शेवटचा शिपाई पुढे सरकेपर्यंत पहाऱ्याने माथा धरून ठेवायचा. मग खालून निशाण हलतं आणि पहारा धावत खाली येतो.

आफ्रिदी त्या क्षणाची वाट बघत. झुडपांतून आणि खडकांआडून ते पहाऱ्याच्या अगदी जवळ आलेले असत. पहाऱ्याने पाठ फिरवली की अर्ध्या मिनिटात माथा त्यांचा, आणि उतारावर धावणारे शिपाई त्यांच्या बंदुकीच्या टप्प्यात. फौज थांबून परत वर चढली तर ते दिसेनासे होत. आणि फौजेला थांबायला वेळ नसे, कारण अंधार पडायच्या आत छावणी गाठायची असे.

त्यात जखमींचा हिशोब असा. एक माणूस जखमी झाला की त्याला उचलायला चार माणसं लागतात, त्यांच्या बंदुका धरायला आणखी कुणी. म्हणजे एका गोळीने पाच-सहा माणसं लढाईतून बाद. रांग मंदावते, मंदावली की आणखी लोक जखमी होतात. जखमीला मागे सोडायचं नाही हा फौजेचा नियम होता. ९ नोव्हेंबरला सारन सर इथे पाहणी करून परतताना नॉर्दम्पटन पलटणीची एक छोटी तुकडी जखमींना सोडून निघाली नाही आणि तिच्यातला एकही माणूस वाचला नाही.

डिसेंबरमध्ये बर्फाच्या भीतीने पूर्ण फौज खाली निघाली. पहिली डिव्हिजन मस्तुरा खोऱ्याने, दुसरी बाडा नदीच्या खोऱ्याने. बाडाची वाट म्हणजे तीच गोठवणारी नदी पुन्हा पुन्हा ओलांडत जाणं. ७ डिसेंबरला सुरू झालेली ही पायपीट १४ तारखेला संपली. रोज पिछाडीवर हल्ला, रोज अंधारात पोचणारी शेवटची रांग. त्यात सर्वांत जास्त हाल कहारांचे आणि खेचरवाल्यांचे झाले. अंगावर पुरेसे कपडे नाहीत, हातात हत्यार नाही आणि भांडणाशी काही घेणंदेणंही नाही. शौर्यपदकांच्या याद्यांमध्ये ही माणसं शोधूनही सापडत नाहीत.

‘पण त्यांच्याकडे तोफा होत्या, नवी रायफल होती!’

होत्या. खेचरांवर सुटे भाग लादून नेण्याच्या डोंगरी तोफा होत्या. इंग्रज पलटणींकडे ली-मेटफर्ड रायफल होती. तिच्यासाठी कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यात अशी गोळी बनवली गेली होती की शरीरात शिरल्यावर ती पसरते आणि जखम भयानक होते. तिच्यावर जगभर टीका झाली आणि १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी घालणारा जाहीरनामा निघाला.

पण तोफेला लक्ष्य दिसावं लागतं. खडकाआडचा एकटा माणूस तिला दिसत नाही. शिवाय आफ्रिद्यांकडेही आता जुन्या तोड्याच्या बंदुका राहिल्या नव्हत्या. मार्टिनी-हेन्री रायफली त्यांच्याकडे होत्या, काही चोरलेल्या, काही विकत घेतलेल्या. आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी हिंदी फौजेत नोकरी केली होती. फौज माथ्यावर पहारा कसा बसवते, कधी काढते, हे ते फौजेतच शिकले होते.

‘म्हणजे हा आपला गनिमी कावाच की!’

बरंचसं साम्य आहे. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज जशी अडकली, तशीच ही अडकत होती. पण एक फरक विसरू नये. शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यामागे राज्य होतं: किल्ले, खजिना, हेरखातं, कधी लढायचं आणि कधी तह करायचा हे ठरवणारा एक माणूस. आफ्रिद्यांमागे यातलं काही नव्हतं. त्यामुळे त्यांना पुरतं हरवताही येत नव्हतं, आणि त्यांनाही विजयाचं काही पक्कं रूप देता येत नव्हतं. आदम खेल तर या लढाईत उतरलेच नाहीत. कोहाट खिंडीच्या रस्त्यावर त्यांचं पोट होतं.

आणि आपला त्या डोंगरांशी जुना धागा आहेच. १६७२ मध्ये ऐमलखान आफ्रिदीने खैबरमध्ये मोगल सुभेदार मुहम्मद अमीनखानाची फौज उद्ध्वस्त केली. १६७४ साली औरंगजेब स्वतः सरहद्दीजवळच्या हसन अब्दालला जाऊन बसला आणि दीड वर्ष तिथेच अडकला. दख्खनमधला दिलेरखानही तिकडे बोलावला गेला. त्याच १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. बादशहाचं लक्ष आणि पैसा खैबरकडे गुंतल्याचा दख्खनला फायदा झाला, हे इतिहासकारांनी नोंदवलेलं आहे.

‘पण आफ्रिदी तरी कुठे साधे होते?’

साधे नव्हते. खिंडीतून जाणाऱ्या व्यापाऱ्यांची लूट, सपाटीवरच्या गावांवर धाडी, माणसं पळवून खंडणी हे सगळं तिथे चाले, आणि त्याची झळ पेशावर-कोहाटच्या सामान्य रयतेला बसे. १८९७ मध्ये शबकदरवर धाड पडली तेव्हा शेजारचं शंकरगढ हे हिंदू व्यापाऱ्यांचं गाव लुटून जाळलं गेलं. तिथल्या माणसांना आफ्रिदी-मोहमंदांचं स्वातंत्र्यप्रेम कौतुकाचं वाटलं नसणार. ‘बदल’, म्हणजे सूड घेतल्याशिवाय न राहणं, ही पश्तूनांच्या रीतीतली एक अट होती आणि तिने त्यांच्याच पिढ्या खाल्ल्या.

तरीही एकाने धाड घातली म्हणून खोऱ्यातल्या सगळ्यांची घरं जाळणं हा न्याय होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

‘शेवटी जिंकलं कोण?’

लॉकहार्ट यांनी नोव्हेंबरमध्ये अटी सांगितल्या. आफ्रिद्यांनी ८०० रायफली आणि ५०,००० रुपये द्यायचे. ओरकझाईंनी ५०० बंदुका आणि ३०,००० रुपये. ओरकझाई लवकर वाकले. आफ्रिदी अडून राहिले, झक्का खेल सगळ्यात जास्त. हिवाळ्यात फौजेने खैबर आणि बाडाची बाजू अडवली. तो सुरुवातीला सांगितलेला दुसरा पाय इथे आला. वर घर जळालेलं आणि खाली कुरण अडवलेलं. एप्रिल १८९८ पर्यंत बहुतेक दंड भरला गेला. लॉकहार्ट पेशावरहून निघाले तेव्हा आफ्रिद्यांनी गर्दी करून त्यांना निरोप दिला, असं इंग्रजी वृत्तांतांत आहे. आफ्रिद्यांच्या बाजूने ती हकिकत कुणी लिहिलेली नाही.

फौजेचे २८७ लोक मेले, ८५० हून अधिक जखमी झाले. दहा वर्षांनी, १९०८ मध्ये, झक्का खेलविरुद्ध बझार खोऱ्यात पुन्हा मोहीम काढावी लागली. ८०० रायफली आणि ५०,००० रुपये या मापाने मोजलं तर इंग्रज जिंकले. शांतता या मापाने मोजलं तर कुणीच नाही.

पैसा कुणाचा, आणि पुण्याचा काय संबंध?

मोहिमेचा बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवर होता. म्हणजे त्याच वर्षी दुष्काळात होरपळलेल्या आणि प्लेगने घाबरलेल्या रयतेवर. १८९७ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं, अध्यक्ष सी. शंकरन नायर. तिथे सरहद्दीवरच्या या धोरणाविरुद्ध ठराव झाला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याच वर्षी लंडनला हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना वाढत्या लष्करी खर्चाकडे बोट दाखवलं होतं.

तारखा शेजारी ठेवून पाहा. मैझरचा हल्ला १० जूनचा. पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली ती २२ जूनला. सारागढी १२ सप्टेंबरला. राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली १४ सप्टेंबरला. यांच्यात कुठला कट होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण रँडच्या खुनानंतर सरकारने पुणे शहरावर जादा पोलिस बसवले आणि त्यांचा खर्च शहराच्याच माथी मारला. खून केला दोन-चार जणांनी, भुर्दंड गावाला. तीराहमध्ये बंदुका आणि रुपये मागताना जो विचार होता तोच इथे होता. तिथे फक्त आग आणि सुरुंग जोडीला होते.

या विचाराचा कायदा झाला

१९०१ मध्ये व्हाइसरॉय कर्झन यांनी सरहद्दीचा वेगळा प्रांत केला. पक्क्या पलटणी पुढच्या चौक्यांवरून मागे घेऊन तिथे स्थानिक शिपाई नेमले. त्याच वर्षी १८७२ पासून चालत आलेला सरहद्द गुन्हे नियम नव्याने लिहिला गेला. त्याचं मुख्य सूत्र ‘सामूहिक जबाबदारी’. सोसायटीतल्या एका घराने पैसे थकवले म्हणून अख्ख्या इमारतीचं पाणी तोडायचं, आणि वर त्या घराशी नातं असलेल्या कुणालाही उचलून नेऊन डांबायचं, असं हे सूत्र. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या जमातीची मालमत्ता जप्त होई, घर पाडता येई, नातेवाइकांना कैदेत टाकता येई. निकाल पोलिटिकल एजंटचा, वकील नाही, नेहमीच्या कोर्टात दाद नाही.

१९४७ मध्ये इंग्रज गेले. पाकिस्तानने हा नियम तसाच ठेवला. तिथल्या सगळ्या प्रौढांना मतदानाचा हक्क मिळायला १९९६ साल उजाडलं. तोपर्यंत मत फक्त सरकारने मान्य केलेल्या मलिकांना होतं. नियम पूर्ण रद्द झाला तो मे २०१८ मध्ये, हा भाग खैबर पख्तुनख्वा प्रांताला जोडला गेला तेव्हा. त्याच्या सात वर्षं आधी, २०११ मध्ये, त्यात एक दुरुस्ती झाली होती: यापुढे सामूहिक जबाबदारीखाली स्त्रियांना, सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टीपुढच्या म्हाताऱ्यांना अटक करायची नाही.